भुयारखेळांची समीक्षा : पुण्याच्या ‘राजी’च्या निमित्ताने काही विचार

व्हिडिओ गेमची समीक्षा हा विषय विद्यापीठीय पत्रिकेत यावा काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उद्भवणे साहजिक आहे. कादंबरीविषयी आणि पुढे चित्रपटाविषयीही हाच प्रश्न एके काळी विचारला गेला होता. विचारपूर्वक लिहिणारे समीक्षक त्या त्या क्षेत्रात निर्माण झाले आणि मग तो प्रश्न आपोआप मागे पडला. खेळांच्या बाबतीत असे लेखन गेल्या काही दशकांत विपुल झाले आहे. त्याचे गुणदोष पारखण्याची वेळ आता आली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

या प्रश्नाला एक व्यावहारिक बाजूही आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात वाढलेले अनेक तरुण आज तळवडे, हिंजवडी येथे संगणकाच्या कामावर जातात. त्यांच्यापैकी काहींना स्वतः खेळ घडवावेत अशी आकांक्षा आहे. त्यांचे काम उद्या कोणत्या कसोटीवर तोलले जाईल, ती कसोटी न्याय्य असेल काय, आणि तिच्यापासून त्यांना काही शिकता येईल काय, हे प्रश्न त्यांच्या दृष्टीने पोटापाण्याचे आहेत.

प्रस्तुत लेखात लहान स्वतंत्र संस्थांनी घडविलेल्या, चित्रमय शैलीच्या भुयारखेळांचा विचार करावयाचा असून, त्या वर्गाच्या अगदी सीमेवर उभा असलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा पुण्यात तयार झालेला खेळ मध्यवर्ती उदाहरण म्हणून घेतला आहे. काटेकोर अर्थाने ‘राजी’ भुयारखेळ नाही. परंतु त्याची रचना, त्यातील झुंज आणि त्याचे चित्रण यांची पारख समीक्षकांनी ज्या मापांनी केली, ती मापे प्रायः या वर्गाचीच होती; आणि आपल्या प्रदेशातील इतके जवळचे दुसरे उदाहरण घेण्याजोगे नाही.

खेळप्रकाराचे स्वरूप

भुयारखेळ म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. खेळणाऱ्याचे पात्र तळघर, भुयार किंवा भग्न वास्तू अशा बंदिस्त जागेत उतरते, दालनामागून दालन ओलांडते, शत्रूंशी झुंजते, शस्त्रे व सामर्थ्य मिळविते आणि अधिकाधिक खोल जाते. या प्रकाराचे मूळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या कागद-फाशांच्या बैठ्या खेळात आहे. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा संगणकीय खेळ रचला. त्यात चित्रे मुळीच नव्हती. पडद्यावरील अक्षरे हेच राक्षस आणि विरामचिन्हांसारखी चिन्हे ह्याच भिंती. परंतु प्रत्येक वेळी भुयाराचा नकाशा नव्याने तयार होई आणि पात्र मेले की खेळ पुन्हा आरंभापासून खेळावा लागे. १९९६ सालच्या ‘डायब्लो’ने या सांगाड्याला चित्र, नाद आणि वेग दिला व तो असंख्य घरांत पोचविला.

पुढे, विशेषतः २०१० नंतर, दोन-चार माणसांच्या किंवा फार तर दहा-वीस जणांच्या संस्था या प्रकाराकडे वळल्या. त्याचे कारण आर्थिक होते. एकदा रचलेले नियम आणि काढलेली चित्रे नव्या नव्या मांडणीत वापरता येत असल्यामुळे थोड्या मनुष्यबळात दीर्घकाळ टिकणारा खेळ घडविता येतो. २०११ सालचा ‘द बाइंडिंग ऑफ आयझॅक’ हा या लाटेतील प्रसिद्ध खेळ होय. आईच्या धाकाने तळघरात उतरलेले एक मूल आपल्या अश्रूंनीच शत्रूंवर मारा करते, अशी त्याची कल्पना. भारतात हैदराबादच्या ओगर हेड स्टुडिओने २०१७ साली काढलेला ‘असुर’ याच कुळातला आहे : वरून दिसणारी रणभूमी, दर खेपेस बदलणारी दालने, दर जन्मी नव्याने मांडले जाणारे विद्यांचे झाड, आणि ठळक रेषांनी काढलेली पौराणिक वळणाची पात्रे.

चित्रशैलीचे कार्य

अशा खेळांच्या शैलीला इंग्रजीत सर्रास ‘कार्टून’ म्हणतात. मराठीत आपण त्यासाठी ‘व्यंगचित्र’ हा शब्द वापरतो आणि तेथेच गैरसमजाला आरंभ होतो. कारण या चित्रांत व्यंग असतेच असे नाही. त्यांत असते ते सुलभीकरण : ठसठशीत बाह्यरेषा, मोजके रंग, प्रमाणाबाहेर मोठे डोके किंवा डोळे, आणि दुरूनही ओळखू येणारी आकृती. हे वैशिष्ट्य आपल्याला परके नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पैठण शैलीची चित्रकथीची पाने आहेत. त्यांत बाजूने काढलेले चेहरे, विशाल डोळे आणि भक्कम रेषा दिसतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांची पडद्यावर पडलेली छाया नाचवितात. तेथेही आकृतीची कड हीच पात्राची ओळख होय. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्रीने गौरविण्यात आले. कथा सांगणाऱ्याच्या भोवती जमलेल्या मंडळींना मागच्या रांगेतूनही राम कोणता आणि रावण कोणता हे कळले पाहिजे, ही या चित्रांपुढील अडचण होती; भुयारखेळाच्या चित्रकारापुढेही तीच आहे.

येथे एक तांत्रिक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पडद्यावर काही दिसल्यापासून बोटाने कळ दाबेपर्यंत सामान्य माणसास सुमारे पाव सेकंद लागतो. म्हणून राक्षसाने वार करण्यापूर्वी हात उगारणे, मागे झुकणे अशी पूर्वसूचना द्यावी लागते आणि ती गर्दीतही स्पष्ट दिसावी लागते. ठळक बाह्यरेषा ही केवळ शोभा नसून अशा सूचनेचे साधन असते. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रे उमटत असतील तर प्रत्येक चित्र सुमारे १७ सहस्रांश सेकंद टिकते. तीसच उमटत असतील तर सुमारे ३३. चित्रांचा ओघ मधेच अडखळला तर पूर्वसूचनेचा काही भाग खेळणाऱ्याच्या दृष्टीआड होतो आणि आपण अन्यायाने मेलो, अशी त्याची भावना होते. म्हणजे या प्रकारात ‘चित्र चांगले आहे’ आणि ‘खेळ चांगला आहे’ ही दोन विधाने वाटतात तितकी स्वतंत्र नाहीत.

शैली बालसुलभ दिसली की आशयही बालिश असावा, असाही एक समज आढळतो. ‘आयझॅक’चे चित्रण लहान मुलांच्या चित्रांसारखे असले तरी विषय धर्मवेडाचा व मुलावरील अत्याचाराचा आहे. निंटेंडो कंपनीने २०१२ साली त्याच्या धार्मिक आशयामुळे आपल्या हातातील यंत्रावर तो घेण्याचे नाकारले. त्याची नवी आवृत्ती मात्र २०१५ साली त्याच कुळातील यंत्रावर आली. तेव्हा रेषेवरून आशयाचे अनुमान करणे हे समीक्षेचे पहिले स्खलन होय, असे म्हणता येईल.

पुण्याचा ‘राजी’

नॉडिंग हेड्स गेम्स ही संस्था श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयान मॉड यांनी पुण्यात उभारली. २०१७ साली किकस्टार्टरवर लोकवर्गणी जमविण्याचा त्यांचा प्रयत्न यशस्वी झाला नाही; तरीही काम चालू राहिले. १८ ऑगस्ट २०२० रोजी ‘राजी’ प्रथम निंटेंडो स्विच या यंत्रावर प्रसिद्ध झाला आणि १५ ऑक्टोबर २०२० रोजी संगणक व अन्य यंत्रांवर आला.

देव-दानवांचे युद्ध पुन्हा पेटले आहे. कसरतीचे खेळ करून जगणाऱ्या राजी या मुलीचा धाकटा भाऊ गोलू याला महाबलासुराचे सैन्य पळवून नेते आणि ती त्याच्या शोधास निघते. दुर्गा आणि विष्णू हे तिची कथा सांगतात व तिला आयुधेही देतात. त्रिशूळ आणि शार्ङ्ग धनुष्य ही त्यांतील प्रमुख. भिंतीवर धावून किंवा खांबाभोवती गिरकी घेऊन वार करणे, हे तिच्या कसरतीच्या अंगाचे विस्तार आहेत. पात्राकडे आपण तिरप्या उंचीवरून पाहतो, आणि दृश्याचा कोन खेळणाऱ्याच्या हाती नसतो. वास्तू मध्ययुगीन राजस्थानच्या वळणाच्या आहेत, पृष्ठभाग पहाडी चित्रशैलीच्या आधाराने हाताने रंगविलेले आहेत, आणि कथेचे दुवे छायाबाहुल्यांच्या धर्तीवर दाखविलेले आहेत. हिंदू पुराणकथांबरोबर बालीतील परंपरेचाही आधार घेतल्याचे निर्मात्यांनी सांगितले आहे. संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचे आहे.

समीक्षकांचा अभिप्राय

‘राजी’वरील परीक्षणे एकत्र पाहिली असता त्यांत एक ठराविक आकृतिबंध दिसतो. स्तुतीचा भाग जवळजवळ सर्वत्र सारखा आहे : वास्तूंची भव्यता, रंगांची योजना, संगीत, भावंडांच्या कथेतील जिव्हाळा, आणि पाश्चात्त्य खेळांत क्वचितच आढळणाऱ्या भारतीय पुराणविश्वाचे ताजेपण. दोषांची यादीही बरीचशी समान आहे. झुंज आरंभी डौलदार वाटते परंतु पुढे तिच्यात पुरेशी खोली येत नाही. वार लागला की नाही याची खात्री काही वेळा पटत नाही. स्थिर दृश्यकोनामुळे उडीचे अंतर चुकते. स्विचच्या लहान पडद्यावर पात्र बारीक दिसते आणि चित्रांचा ओघ अडखळतो. इंग्रजी संवादांचे उच्चारण कृत्रिम वाटते. आणि पाच-सहा तासांत संपणाऱ्या या कथेचा शेवट एकाएकी तुटल्यासारखा होतो.

याच खेळाला २०२० च्या द गेम ॲवॉर्ड्स या सोहळ्यात पदार्पण करणाऱ्या संस्थांच्या वर्गात नामांकन मिळाले. त्या वर्षी पारितोषिक ‘फॅस्मोफोबिया’कडे गेले. भारतीय प्रसारमाध्यमांत या नामांकनाचे स्वागत अभिमानाने झाले. एकीकडे गौरव, दुसरीकडे साधारण गुणांक, अशी ही स्थिती वरवर पाहता विसंगत वाटते. ती विसंगत का नाही, हे समजण्यासाठी गुणांक कसा बनतो ते पाहिले पाहिजे.

गेज आणि नमुना

चाकणच्या एखाद्या कारखान्यात भागाला पाडलेले भोक तपासावयाचे असेल तर तपासनीस दोन टोकांचा प्लग गेज हाती घेतो. ‘गो’ टोक भोकात गेले पाहिजे आणि ‘नो-गो’ टोक जाता कामा नये. येथे मताला जागा नाही. त्याच भागाच्या रंगाची पारख मात्र अशी होत नाही. त्यासाठी ‘लिमिट सॅम्पल’ म्हणजे स्वीकारार्ह मर्यादेचा, सही केलेला नमुना शेजारी टांगलेला असतो. त्याच्याशी ताडून डोळ्यांनी निर्णय करावयाचा असतो. भाग नापास झाला तर त्याला लाल चिठ्ठी लागते आणि तिच्यावर दोष काय व कोठे आहे ते लिहिले जाते, म्हणजे तो दुरुस्त करावा की मोडीत टाकावा हे पुढच्या माणसास ठरविता येते.

खेळाच्या परीक्षणातही याच दोन जातींची विधाने असतात. दृश्याचा ओघ अडखळतो, कळ दाबल्यावर उडी उशिरा लागते, खेळ मधेच बंद पडतो, ही गेजची विधाने होत. कोणत्याही दोन माणसांनी तपासली तरी फारसा फरक पडू नये. झुंज रंगत नाही, शेवट अपुरा वाटतो, चित्रे मनोहर आहेत, ही नमुन्याशी ताडून केलेली विधाने होत. ती करणाऱ्याच्या मनात कोणता नमुना टांगलेला आहे यावर ती अवलंबून राहतात. दोन्ही जाती समीक्षेत आवश्यक आहेत. दोष उत्पन्न होतो तो त्या एकत्र मिसळल्यामुळे. भोकाचा व्यास आणि रंगाची चकाकी यांची सरासरी काढून ‘हा भाग शंभरांपैकी सत्तर’ असे लिहिणारा तपासनीस कोणत्याही कारखान्यात टिकणार नाही. खेळांच्या परीक्षणात मात्र हेच नित्य घडते.

त्यापुढची पायरी म्हणजे सरासरीची सरासरी. २००१ साली सुरू झालेली मेटाक्रिटिक ही सेवा निरनिराळ्या परीक्षणांचे गुण शंभराच्या मापात आणते आणि त्यांची भारित सरासरी काढते. कोणत्या परीक्षणाला किती भार दिला आहे हे ती प्रकट करीत नाही. खेळांच्या बाबतीत ७५ व त्यावरील गुणांना ती अनुकूल आणि ५० ते ७४ गुणांना संमिश्र मानते. ‘राजी’ची परीक्षणे बहुतांशी या मधल्या पट्ट्यात मोडतात. परंतु हा पट्टा पाहून कोणालाही हे कळत नाही, की या खेळाला डोळ्यांच्या कसोटीवर उच्च आणि हातांच्या कसोटीवर सामान्य ठरविले गेले होते. सर्वच बाबतींत साधारण असलेल्या एखाद्या खेळालाही हाच अंक मिळू शकतो.

हा अंक केवळ शोभेचा असता तर त्याची इतकी चर्चा करण्याचे कारण नव्हते. २०१० सालच्या ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’ या खेळाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तो घडविणाऱ्या ऑब्सिडियन या संस्थेला मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाले असते तर अधिक मोबदला मिळावयाचा होता. गुण पडले ८४. ही गोष्ट २०१२ साली संस्थेच्याच एका प्रमुख लेखकाने जाहीर केली. एका गुणाने माणसांच्या मिळकतीत फरक पडला. त्या एका गुणात गेजचे दोष किती आणि नमुन्याचे किती, हे सांगणे कोणालाही शक्य नाही.

नमुना कोणाचा?

नमुन्याच्या प्रश्नाला ‘राजी’च्या बाबतीत काळाचाही एक योग जुळून आला. स्विचवर तो येऊन महिना होतो न होतो तोच, १७ सप्टेंबर २०२० रोजी, सुपरजायंट गेम्स या अमेरिकी संस्थेचा ‘हेडीस’ पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. तोही तिरप्या कोनातून दिसणारा, ठळक रेषांच्या चित्रांचा आणि पुराणकथेवर, ग्रीक पुराणकथेवर, आधारलेला होता. आणि तो खराखुरा भुयारखेळ होता. त्याला सर्वत्र अत्युच्च गुण मिळाले. ऑक्टोबरात ‘राजी’ संगणकावर आला तेव्हा या प्रकाराचा नमुनाच बदललेला होता.

या तुलनेत एक गोष्ट सहसा विसरली जाते. ‘हेडीस’ डिसेंबर २०१८ पासूनच अपूर्णावस्थेत विक्रीस ठेवलेला होता. जवळजवळ पावणेदोन वर्षे हजारो खेळणाऱ्यांचे आक्षेप ऐकत, शस्त्रांचे वजन आणि शत्रूंच्या पूर्वसूचना पुनःपुन्हा बदलत तो सिद्ध झाला. ‘राजी’ची झुंज उथळ वाटते, हा अभिप्राय यामुळे खोटा ठरत नाही; परंतु त्याचे कारण मात्र उमगते. झुंजीची खोली ही एकाएकी सुचणारी कल्पना नसून दीर्घकाळ चाललेल्या घासूनपुसून दुरुस्तीचे फळ असते, आणि त्या काळाला पैसा लागतो.

दुसरा नमुना संस्कृतीचा. पाश्चात्त्य समीक्षकाला दुर्गा, विष्णू व असुर यांचे जग नवे होते आणि त्या नवेपणाची त्याने मोकळेपणाने स्तुती केली. मराठी वाचकाला हे जग नवे नाही. म्हणून त्याची पारख येथून पुढे सुरू व्हावयास हवी. हिमालयाच्या पायथ्याशी सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात बहरलेली पहाडी चित्रशैली, राजस्थानच्या गढ्या आणि बालीची परंपरा ही तीन ठिकाणची द्रव्ये एका ‘प्राचीन’ कथेत एकजीव झाली आहेत काय? दुर्गा आणि विष्णू यांचे निवेदन कथेला पुढे नेते, की परक्या श्रोत्याला परिचय करून देण्यातच त्याचा वेळ जातो? छायाबाहुल्यांच्या दृश्यांत बाहुलीची हालचाल आहे, की केवळ तिची कड आहे? पिंगुळीचा खेळ पाहिलेला मनुष्य हा शेवटचा प्रश्न जितक्या अधिकाराने विचारू शकेल, तितक्या अधिकाराने लंडन-न्यूयॉर्कचा समीक्षक विचारू शकणार नाही. आपल्या समीक्षेचे क्षेत्र येथे मोकळे आहे.

त्याच वेळी आपल्याकडील एका मोहाचाही उल्लेख केला पाहिजे. ‘आपल्या माणसांनी केले, ते चांगलेच म्हणावे’ ही वृत्ती प्रेमळ खरी. परंतु कारागिराला तिचा उपयोग नसतो. लाल चिठ्ठी लावण्यास संकोचणारा तपासनीस कारखान्याचा हितचिंतक ठरत नाही. दोष त्याच्या हातून सुटतो आणि गिऱ्हाइकाच्या हाती सापडतो. पहिलेपणाची सवलत फार तर एकदा मिळते. दुसऱ्या खेळाच्या वेळी ती नसते, आणि पहिल्या वेळी कोणी दोष दाखविले नसतील तर दुसरा खेळही तेच दोष घेऊन येतो.

दुरुस्त आवृत्ती आणि पाठभेद

‘राजी’च्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद भाग पुढेच आहे. २०२२ साली नॉडिंग हेड्सने खेळाची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली. तीत झुंज व हालचाली यांवर नव्याने काम झाले, प्रकाशयोजना सुधारण्यात आली आणि हिंदी संवादांची भर पडली. मूळ परीक्षणांतील दोषांची यादी या बदलांशेजारी ठेवून पाहावी. समीक्षकांनी स्थळ दाखवून नोंदविलेले दोष, म्हणजे झुंजीची ढिलाई आणि इंग्रजी संवादांचा कृत्रिमपणा, यांच्यावर उपाय करता आला. शेवट तुटक आहे, या आक्षेपाला मात्र अशी आवृत्ती फारसे उत्तर देऊ शकत नाही. कारण तो दोष कथेच्या आराखड्यातला आहे. आणि ‘एकूण साधारण’ या अभिप्रायावर तर कोणताच उपाय संभवत नाही. कारण त्यात दुरुस्त करण्यासारखे काही सांगितलेलेच नाही.

यातून पत्रिकेच्या वाचकांना परिचित असा दुसरा मुद्दा निघतो. पोथीचा अभ्यासक कोणत्या हस्तलिखिताचा पाठ समोर आहे, हे सांगितल्यावाचून पुढे जात नाही. खेळाचेही पाठभेद असतात. ऑगस्ट २०२० चा स्विचवरील ‘राजी’, ऑक्टोबर २०२० चा संगणकावरील ‘राजी’ आणि २०२२ चा सुधारित ‘राजी’ हे एकाच कृतीचे तीन पाठ आहेत. पहिल्या पाठावरील परीक्षण तिसऱ्या पाठाच्या खरेदीदाराने आधार म्हणून वाचले तर त्याची दिशाभूल होते. आणि मेटाक्रिटिकचा अंक मूळ प्रकाशनाच्या वेळच्या मतांवर उभा असल्यामुळे दुरुस्तीचे श्रम त्यात सहसा उमटत नाहीत. कारखान्यात दुरुस्त होऊन आलेल्या भागाची फेरतपासणी होते आणि जुनी चिठ्ठी काढली जाते. खेळांच्या जगात जुनी चिठ्ठी तशीच लटकत राहते.

समारोप

वरील विवेचनावरून खेळाच्या समीक्षकाने काय पाळावे, हे थोडक्यात सांगता येईल. आपण कोणता पाठ, कोणत्या यंत्रावर, किती वेळ खेळलो हे त्याने आरंभीच नोंदवावे. मोजता येणारे दोष आणि रुचीचे निर्णय वेगळे मांडावेत, व त्यांची सरासरी काढू नये. तुलना करावयाची झाल्यास आपला नमुना कोणता, हे उघड सांगावे. आणि तो नमुना किती माणसांनी, किती काळात घडविला याचे भान ठेवावे. चित्रशैलीविषयी लिहिताना ती सुंदर आहे एवढ्यावर न थांबता, ती खेळणाऱ्याच्या डोळ्यांना आणि हातांना काय सांगते याचा विचार करावा. आणि प्रत्येक दोष असा लिहावा की घडविणाऱ्याला तो शोधता यावा.

‘राजी’वरील परीक्षणांतील उत्तम परीक्षणे नेमकी अशी होती, आणि म्हणूनच ती केवळ ग्राहकाचा सल्ला न राहता निर्मितीचा एक भाग ठरू शकली. या पट्ट्यातील अनेक घरांत वडील किंवा आई आयुष्यभर भाग तपासत आले आहेत. दोष कोठे आहे ते नेमके लिहावे, माणसाला नावे ठेवू नयेत, आणि दुरुस्त होऊन आलेली वस्तू पुन्हा निर्विकारपणे तपासावी, ही शिस्त तेथे नव्याने शिकविण्याची गरज नाही. त्या घरांतील मुले उद्या खेळ घडवितील किंवा खेळांवर लिहितील, तेव्हा तीच शिस्त त्यांनी सोबत न्यावी. मराठीतील खेळसमीक्षेला याहून भक्कम पाया मिळणे कठीण आहे.